नूला क्रेमिनची चार मिनिटं

"शेवटची ओळ परत वाच," नूला म्हणाली.

फिआक्राने फोन डोळ्यांजवळ नेला. मधल्या अर्ध्या मिनिटात अक्षरं बदलली असतील अशी त्याला आशा असावी. "'सर्व बॅण्डसाठी ड्रमसेट एकच राहील. त्याची मांडणी ठरलेली आहे. कुणीही त्यातला कुठलाही भाग हलवू नये.'"

"ठरलेली म्हणजे उजव्या हाताची."

"तसं काही लिहिलेलं नाही इथे."

"तसं लिहावं लागत नाही रे बाबा," ऊना खिडकीत बसून म्हणाली. "आमच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर लिहिलंय का, डोकं वरच्या बाजूला ठेवा म्हणून?"

ऊना दिवसा दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती आणि बास गिटार वाजवायची. फिआक्रा चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा. बॅण्डची गाणी त्याची, गळाही त्याचाच. नूला शॅनन नदीकाठच्या एका हॉटेलात मोठ्या हॉलचं काम बघायची आणि ड्रम वाजवायची. टायरच्या दुकानावरच्या या खोलीत तिघं मंगळवार-गुरुवारी जमत. खोलीला रबराचा वास होता आणि आता तो त्यांच्या कपड्यांनाही होता. बॅण्डचं नाव 'ओले कोट'. वर्तमानपत्रात कधी चुकून दोन ओळी आल्याच, तर त्यात 'लिमरिकमधला नवोदित बॅण्ड' असं म्हटलेलं असे. सहा वर्षं ते नवोदितच होते. लिमरिकमध्ये याचं कुणाला काही वाटत नाही. इथे पाऊससुद्धा दर आठवड्याला नव्याने आल्यासारखा येतो.

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. दक्षिणेकडच्या गावांमधून सहा बॅण्ड निवडले होते. मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, गावातल्या थिएटरात प्रत्येकाला वीस मिनिटं. आणि ती वीस मिनिटं थेट रेडिओवर, अख्ख्या देशात. ओल्या कोटांचा नंबर चौथा आला होता. चौथा म्हणजे सोन्यासारखा. डब्लिनहून गाडीने येणारी रेकॉर्ड कंपन्यांची माणसं तोवर येऊन, एकेक ग्लास रिचवून खुर्चीत स्थिरावलेली असतात.

अडचण एवढीच की नूला डावरी होती.

ड्रमसेट ही एक वस्तू नसते, मांडणी असते. पायाने उघडझाप करायच्या झांजा डावीकडे, तीन पायांवर उभा जाड आवाजाचा ड्रम उजवीकडे, मोठी झांज त्याच्यावर, जमिनीवरच्या मोठ्या ड्रमचा खटका उजव्या पायाखाली. जगातल्या सगळ्या रंगमंचांवर तो असाच मांडलेला सापडतो. नूलाला हे सगळं आरशात दिसावं तसं लागायचं. म्हणजे तिच्या आधी उजव्यांचा बॅण्ड वाजवून उतरला की तिने सगळं फिरवायचं, माइक परत लावायचे, आणि तोवर लोकांनी खोकायचं. आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या प्रत्येक माणसाने तिला एकदा तरी विचारलं होतं, "बाई, एक दिवस उजव्याने वाजवलंस तर मरशील का?"

एकदा तिने ऐकलंही होतं. तीन वर्षांपूर्वी एनिस गावात. दोन गाणी कशीबशी निघाली. तिसऱ्यात हात एकमेकांत अडकले, काठी उडून पहिल्या रांगेतल्या बाईच्या मांडीवर पडली आणि गाणं जे बसलं ते उठलंच नाही. तेव्हा फिआक्राने माइकवर सांगितलं होतं, "माफ करा, आमची ड्रमर जरा आजारी आहे." ती आजारी नव्हती. तो विषय नंतर दोघांनीही काढला नाही.

"हे बघ, रागावू नकोस," फिआक्रा आता म्हणाला. तो तिच्याकडे न बघता गिटारच्या तारेशी चाळा करत होता. "मी कोनलला विचारून ठेवलंय. उजव्याने वाजवतो, आणि त्याला आपली गाणी येतात. फक्त त्या एका दिवसापुरतं."

"विचारून ठेवलंयस."

"म्हणजे नुसतं कानावर घातलंय."

"कधी?"

फिआक्राने तारेची खुंटी पिळली. ऊनाने खिडकीतून खाली उडी मारली. "कधी ते विचारतेय ती. तोंड आहे ना? गाताना तर चांगलं उघडतं."

"सोमवारी," तो म्हणाला.

आज गुरुवार होता. म्हणजे मंगळवारचा पूर्ण सराव त्याने हे पोटात ठेवून केला होता. नूलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा वर्षं ज्याच्या गाण्याला तिने साथ दिली तो माणूस तिच्या जागी दुसऱ्याला बसवायला निघाला होता, आणि तेही इतक्या हळू आवाजात.

"दोन बॅण्डच्या मध्ये किती वेळ असतो?" तिने विचारलं.

"सात मिनिटं."

"मग मी सात मिनिटांत फिरवते."

"मागे फिरवलास तेव्हा अकरा लागली होती. मी घड्याळ लावलं होतं."

"तू लावणारच," नूला म्हणाली. तिने काठ्या पिशवीत टाकल्या आणि जिना उतरली.

घरी तिचा बाप सॉसेज तळत होता. मॉसी क्रेमिनने पस्तीस वर्षं डुकराच्या मांसाच्या कारखान्यांत आणि नंतर गोदामांत काढली होती; आता एकाहत्तरीत त्याच्याकडे सकाळचं चालणं, रात्रीचा चहा आणि ही एक मुलगी एवढंच उरलं होतं. तव्यावरची पळी त्याच्या डाव्या हातात होती. बटाटे सोलणं, दाढी, कुत्र्याचा पट्टा, सगळं तो डाव्याने करी. फक्त लिहायचा उजव्याने. त्याची अक्षरं बारीक आणि एकमेकांना चिकटलेली असत. पेन्शनच्या कागदावर सही करायची तरी तो आधी खोलीतून सगळ्यांना बाहेर जायला सांगे.

नूलाने झालं ते सांगितलं. मॉसीने ताटली तिच्यासमोर ठेवली आणि स्वतः उभाच राहिला.

"मी चर्चच्या बॅण्डात होतो ते तुला माहितेय," तो म्हणाला.

"फोटो आहे की. निशाण धरून उभे आहात तुम्ही."

"निशाण धरायला नव्हतो गेलो. ड्रम वाजवायला गेलो होतो. अकरा वर्षांचा होतो. बरा वाजवायचो. पण मिरवणुकीत सगळ्यांच्या काठ्या एकसारख्या उठायला हव्यात, आणि माझी भलतीच उठायची. मास्तर म्हणाला, पोरा, तू रांग बिघडवतोस. काठी दिली हातात, निशाणाची. सहा वर्षं धरली."

"बाबा, हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"काय सांगायचं? निशाण चांगलं होतं. रेशमी होतं." त्याने तव्याखालचा गॅस बंद केला. "शाळेत तर त्याच्याही आधी. सात वर्षांचा असेन. चर्चचे ब्रदर शिकवायचे, चामड्याचा पट्टा घेऊन यायचे. पेन डाव्या हातात दिसलं की त्या हातावर. किटोग म्हणायचे. डावरा. पण असं म्हणायचे की वाटावं, चोरी केलीय. नाताळपर्यंत मी उजव्याने लिहायला लागलो. आईला वाटलं, हुशार झाला."

नूलाने काटा खाली ठेवला. ती सात वर्षांची असताना याच माणसाने कुणाचा तरी जुना ड्रमसेट मागच्या शेडमध्ये आणून टाकला होता आणि सांगितलं होतं, जसा हात जाईल तसं लाव. तिला वाटलं होतं, बाबांना ड्रममधलं काही कळत नाही म्हणून ते तसं म्हणाले.

मॉसी आत गेला आणि खणातून एक घड्याळ घेऊन आला. शर्यतीचे कुत्रे पाळायचा तेव्हाचं, वर मोठं बटण असलेलं. त्याने किल्ली दिली, कानाशी धरलं. "चालतंय. अकरा मिनिटं म्हणाला ना तो गाणारा? उद्या बघू."

मे महिना म्हणजे हॉटेलात मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या, जेवणांचा महिना. पांढरे झगे घातलेल्या सात-आठ वर्षांच्या मुली, त्यांचे आजी-आजोबा, भाजलेलं बीफ, आईस्क्रीम. एक कुटुंब उठलं की त्याच हॉलमध्ये संध्याकाळचं लग्न बसवायचं. दोनशे खुर्च्या, पंचवीस टेबलं, चाळीस मिनिटं. हे काम नूलाला पाण्यासारखं यायचं. तिचा नियम एकच, रिकाम्या हाताने कुठेही जायचं नाही. जाताना एक न्यायचं, येताना दुसरं आणायचं, आणि प्रत्येक टेबलाची जागा जमिनीवर आधीच रंगीत पट्टीने आखलेली असली पाहिजे. नव्या पोरींना ती हेच शिकवी. आणि सहा वर्षं ड्रम फिरवताना हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं याची तिला शुक्रवारी दुपारी, रिकाम्या हॉलमध्ये ड्रमसेट मांडून उभी असताना, मनस्वी चीड आली.

पहिल्यांदा नऊ मिनिटं चाळीस सेकंद. मॉसी भिंतीशी खुर्ची टाकून बसला होता. "माझी लंगडी कुत्रीसुद्धा याहून बरी धावायची," तो म्हणाला.

मग तिने गालिच्यावर हिरवी पट्टी उजव्यांसाठी आणि लाल पट्टी आपल्यासाठी चिकटवली. स्टॅण्डांच्या उंचीवर खुणा केल्या. माइक काढायचेच नाहीत, ज्या ड्रमचा माइक त्या ड्रमबरोबरच फिरेल, असं ठरवलं. झांजा घेऊन जायचं, येताना तीन पायांचा ड्रम घेऊन यायचं. सात मिनिटं. पुढच्या मंगळवारी सहा. ऊना दवाखान्यातून पांढऱ्या कोटातच आली आणि एक बाजू धरायला शिकली. पाच वीस. हॉटेलच्या मॅनेजर बाई दोनदा दारात येऊन बघून गेल्या आणि दोन्ही वेळा काही दिसलं नाही असं दाखवून गेल्या. तिसऱ्या आठवड्यात मॉसीने बटण दाबलं, घड्याळ डोळ्यांपासून लांब धरलं, आणि नुसता आकडा सांगितला. "चार दहा."

फिआक्रा एकदाही आला नव्हता.

कार्यक्रमाच्या आधीच्या शुक्रवारी थिएटरात सगळ्या बॅण्डना बोलावलं होतं. रंगमंचाचा कारभार अल्टन नावाच्या माणसाकडे होता. तो डब्लिनचा, कमरेला चिकटपट्ट्यांची पाच वेटोळी लटकवून हिंडायचा आणि कुणाशीही बोलताना तिसरीकडेच बघायचा. नूलाने त्याला गाठलं. चार मिनिटं दहा सेकंद, ती म्हणाली. दाखवू?

अल्टनने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "दाखवायची गरज नाही, विश्वास ठेवतो. तू फिरवलास चार मिनिटांत. वाजवलंस. मग पाचवा बॅण्ड येणार, तो उजवा. त्यांच्यासाठी परत कोण फिरवणार? तू तर दमून घामाघूम झालेली असणार. रेडिओवर शांतता पसरली तर लोक तुला फोन करणार नाहीत, मला करतील."

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिची वाईट माणसाशी भांडायची तयारी होती. हा तर शहाण्यासारखं बोलत होता, आणि ते जास्त अवघड असतं.

"पहिला बॅण्ड कोण आहे?" तिने विचारलं.

"एनिसची पोरं. का?"

"पहिल्या बॅण्डसाठी फिरवावं लागत नाही. आधीच मांडून ठेवता येतो. आम्ही पहिले वाजवून उतरलो की दुसऱ्या नंबरवर एनिसवाले, ते आपल्या हाताला सात मिनिटांत चौघांनी मिळून फिरवतील. मी दाखवते त्यांना कसं."

अल्टनने खांदे उडवले. "चौथा नंबर सोडून पहिला मागणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. पण लेखी द्या, मला चालेल. तिघांच्या सह्या."

फिआक्रा मागे उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने नूलाला दंडाला धरून पडद्याआड नेलं. "डब्लिनची गाडी साडेपाचला येते, नूला. पाच वाजता इथे कोण असतं माहितेय? आपल्या मावश्या. सहा वर्षं याची वाट पाहिली आपण."

"आपण," नूला म्हणाली. "मला त्यात धरलं होतंस का?"

"तसं नाही गं."

"एनिसला तू काय सांगितलंस लोकांना?"

त्याला लगेच कळलं. म्हणजे तोही विसरला नव्हता.

"मी आजारी नव्हते, फिआक्रा. मला काही झालेलं नाही. माझे हात असे आहेत. कोनलला घेऊन चौथ्या नंबरवर वाजव, मी अडवत नाही. पण मग मंगळवारी त्या खोलीत मी दिसणार नाही, आणि पुढच्या मंगळवारीही नाही. आणि मी हे रागाने बोलत नाहीये. रागाने बोलत होते तेव्हा तू यायला हवं होतंस."

पलीकडे कुणीतरी माइकमध्ये एक-दोन-तीन मोजत होतं. फिआक्राने तिचा दंड सोडला. मग तो अल्टनकडे गेला, त्याच्या खिशातलं पेन न विचारता काढून घेतलं आणि पहिली सही केली. ऊनाने दुसरी केली. "माझ्या मावश्या चार आहेत," ती म्हणाली. "पुढची रांग तर भरली."

रविवारी दुपारी मागच्या दाराशी गसी बसला होता. आग लागली तर आत कोण होतं ते कळावं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या वहीत नाव, वेळ आणि सही करायची असते. तो आणि मॉसी एका गल्लीत वाढलेले.

"मॉसी, तू काय वाजवणार आज?"

"घड्याळ."

मॉसीने खांदा वळवून, वही अंगाने झाकून, उजव्या हाताने सही केली. ती एवढीशी झाली की गसीने बाजूला पुन्हा नाव लिहून घेतलं.

जो बॅण्ड पहिला वाजवणार त्याची आवाजाची चाचणी सगळ्यात शेवटी होते, म्हणजे मांडणी जशीच्या तशी राहते. चार वाजता ओल्या कोटांची चाचणी झाली. ड्रमसेट नूलाच्या हाताला लावला होता, गालिच्यावर लाल पट्ट्या. अल्टनने अंगठा दाखवला. तिघं मागच्या खोलीत जाऊन सँडविच खात बसली. नूलाने आपलं अर्धं सँडविच ऊनाला दिलं. सगळं जागच्या जागी होतं.

पाचला सहा मिनिटं कमी असताना ती काठ्या घेऊन रंगमंचावर आली आणि जागीच थबकली.

ड्रमसेट उजवा होता.

शेजारी एनिसच्या बॅण्डचा ड्रमर उभा होता. सेनन, विशीतला, सज्जन तोंडाचा, हात पुसत. "तुमचाच ना पहिला नंबर?" तो म्हणाला. "बरं झालं मी पाहिलं. कुणा गाढवाने सगळा उलटा लावून ठेवला होता. नीट करून ठेवलाय. माइकसकट."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. कुठल्याही गावातल्या कुठल्याही ड्रमरने हेच केलं असतं, आणि आभारही मानून घेतले असते. शुक्रवारी तिने एनिसवाल्यांना मांडणी समजावली तेव्हा तो अजून पोचायचा होता.

अल्टन धावत आला. त्याने एका नजरेत सगळं पाहिलं आणि त्याच्या तोंडून एक शिवी गेली. "साडेपाच मिनिटं. शेवटचं मिनिट निवेदक बोलेल, आणि पाचला हॉलमधला लाल दिवा लागला की सगळं थेट रेडिओवर. ऐक, एनिसवाले तयार आहेत. ते आधी जाऊ देत."

"मग मधे फिरवायला लागेल," नूला म्हणाली. "आणि परत. तुम्हीच म्हणालात."

"तर मग आहे तसा वाजव. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

ती गुडघ्यावर बसली आणि पायाच्या झांजांचा स्क्रू सोडवायला लागली. विंगेतून मॉसी पुढे आला. त्याने काही विचारलं नाही. घड्याळाचं बटण दाबल्याचा टक असा आवाज तेवढा आला.

"लाल पट्ट्या," नूला म्हणाली. "ऊना, तू मोठी झांज. रिकाम्या हाताने येऊ नकोस."

सेनन अजून तिथेच होता. त्याने तिच्या डाव्या हातातली स्क्रूची किल्ली पाहिली, जमिनीवरच्या पट्ट्या पाहिल्या, आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अरे देवा. गाढव मीच," तो म्हणाला आणि तीन पायांचा ड्रम माइकसकट उचलून धावला. पण त्याने या आधी कधी ड्रम त्या बाजूला ठेवलेला नव्हता. तो दोनदा चुकीच्या पट्टीवर उभा राहिला. "दोन मिनिटं," मॉसी म्हणाला. केबलचा एक गुंता निघेना. "तीन." पडद्याच्या फटीतून दिसत होतं, हॉल निम्मासुद्धा भरलेला नव्हता. ऊनाच्या मावश्या मात्र होत्या, चारही, पुढच्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून.

"चार दहा," मॉसी म्हणाला. सेट अर्धाच फिरला होता.

पडदा उघडला. निवेदकाचं बोलणं संपलं. समोरच्या भिंतीवर लाल दिवा लागला आणि देशभरातल्या स्वयंपाकघरांत लिमरिकच्या रंगमंचावरचा एक लोखंडी स्टॅण्ड घासत नेल्याचा आवाज ऐकू गेला. अल्टनने विंगेत डोकं दोन्ही हातांत धरलं. नूला खटका बसवत होती. खटका बसल्याशिवाय पायाखाली ड्रम नाही, आणि त्याचा नट आटे सोडून तिरका बसला होता. तिने तो पूर्ण काढला. परत लावायला घेतला.

फिआक्रा माइकपाशी गेला. नूलाने मान वर केली नाही, पण तिचा हात क्षणभर थांबला. तो काय म्हणेल ते तिला पाठ होतं.

"नमस्कार," तो म्हणाला. "आम्ही ओले कोट, लिमरिकचे. आमची ड्रमर डावरी आहे. ड्रम तिच्या हाताला लावतोय, अजून एक मिनिट लागेल. घाई असेल त्यांनी चहा टाकून यावा. आम्ही तिच्याशिवाय सुरू करत नाही."

कुणीतरी हसलं. मग ऊनाच्या एका मावशीने टाळी वाजवली, एकटीनेच, आणि बाकीच्या तिघींना ते बघवलं नाही. मग ती टाळी हळूहळू एका ठेक्यात पडली. नूलाने नट आवळला. झांज उघडली, मिटली. बसायचं स्टूल पुढे ओढलं. टाळ्यांचा ठेका जरा धावत होता. तिने तो डाव्या पायाने उचलला, दोन आवर्तनांत आपल्या चालीवर आणून बसवला, आणि मग मान हलवून ऊनाला आत घेतलं.

वीस मिनिटांतली सतराच उरली होती, म्हणून शेवटचं गाणं गेलं. बाकीची चार वाजली. कशी वाजली ते ती नंतर कुणाला नीट सांगू शकली नसती. तिला आठवत होतं ते एवढंच की हात कुठे जायचे ते जात होते, आणि तिने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

डब्लिनची माणसं पाच चाळीसला आली, छत्र्या झटकत. त्यांनी एनिसच्या पोरांची शेवटची दोन गाणी ऐकली आणि त्यांचा फोन नंबर घेतला. सेननने त्यांना सांगायचा प्रयत्न केला की आधीचा बॅण्ड तुम्ही ऐकायला हवा होता. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या बॅण्डचं नाव विचारलं. फिआक्राने ते विंगेतून पाहिलं. बराच वेळ तो गिटारची पेटी बंद करत राहिला. नूला त्याच्याजवळ जाऊन बसली. मग तो म्हणाला, "मंगळवारी येतेस ना?" आणि ती म्हणाली, "काठ्या तिथेच आहेत माझ्या."

अल्टन तिच्याकडे आला तेव्हा कमरेच्या वेटोळ्यांतली लाल पट्टी त्याने सोडवून हातात घेतली होती. "पुढच्या वर्षी अर्जात लिहून टाक," तो तिसरीकडे बघत म्हणाला. "आम्हीच लावून ठेवू." आणि ते वेटोळं तिच्या हातात देऊन गेला.

आठ वाजता नूला आणि मॉसी मागच्या दाराशी आली. बाहेर अजून लख्ख उजेड होता. त्यांच्या मागे एनिसची मंडळी पेट्या घेऊन रांगेत उभी राहिली. गसीने वही पुढे सरकवली. नूलाने सही केली आणि बाजूला झाली.

मॉसीने पेन उजव्या हातात घेतलं. नेहमीसारखा खांदा वळवला. मग तो थांबला, खांदा सरळ केला आणि पेन दुसऱ्या हातात घेतलं. ते कसं धरायचं ते त्याला पटकन जमेना. त्याने दोनदा बोटं बदलली. पहिलं अक्षर दोन ओळींत गेलं. दुसरं त्याच्यापासून लांब पडलं.

"मॉसी, लोक खोळंबलेत," गसी म्हणाला.

"थांबतील ते," नूला म्हणाली. मागे वळून तिने सेननकडे पाहिलं, आणि सेननने पेटी खाली ठेवली. मॉसीने तिच्याकडे सांभाळायला दिलेलं घड्याळ तिच्या कोटाच्या खिशात होतं. तिने त्याला हात लावला नाही.

मॉसीने पूर्ण नाव लिहिलं. मॉरिस क्रेमिन. चौसष्ट वर्षांनी त्या हाताने लिहिलेलं, पहिलीतल्या मुलासारखं, मोठं आणि वेडंवाकडं. लिहून झालेल्या अक्षरांवरून तळहात सरकत गेल्याने शाई फासली गेली होती आणि करंगळीपासून मनगटापर्यंत हाताची कड निळी झाली होती. गसीने पुसायला कागदी रुमाल पुढे केला. मॉसीने हात उजेडात धरून पाहिला, रुमाल परत टेबलावर ठेवला आणि दार उघडलं.